ठाण्याच्या १७३७ च्या लढाईच्या प्रयोगात वाजवायचं काय?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी,

कोपरीतली आम्ही काही माणसं मिळून येत्या थंडीत मैदानावर १७३७ ची ठाण्याची लढाई उभी करणार आहोत. नाटक नव्हे. स्टेज नाही, पडदा नाही, पाठ केलेले संवाद नाहीत. मधोमध बांबू आणि किंतानाचा कोट, आत पोर्तुगीज, बाहेर चिमाजी अप्पांची माणसं आणि प्रेक्षक तिन्ही बाजूंनी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तो कोट म्हणजे आजचं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला होता, पुरा व्हायच्या आत मराठ्यांनी घेतला.

ढाली, तलवारी, अंगरखे, पोर्तुगीजांच्या टोप्या या सगळ्यावर कसून काम चाललंय. पागोट्याला पीळ कसा द्यायचा यावर रात्री-रात्री वाद झालेत. पण वाद्यांचा विषय निघाला की पाच मिनिटांत निकाल लागतो. "एक ढोल-ताशा पथक सांगू, तलवारबाजी चालू असताना स्पीकरवर ट्रॅक लावू."

मला हे अजिबात पटत नाही. अंगरख्याच्या बंदापर्यंत काटेकोर असणारी माणसं कानाच्या बाबतीत इतकी बेफिकीर कशी? फौजेतल्या वाद्याला काम होतं. कूच करा, थांबा, सरदार इथे आहेत, ठाणं आपलं झालं, हे सगळं ते सांगत होतं. ते दाखवायचं तर वाजवणारा माणूस फौजेच्या वेशात, फौजेबरोबर मैदानात हवा.

तेव्हा विचारतो. त्या काळी मराठी फौजेत काय वाजत होतं? पोर्तुगीजांकडे काय होतं? कुठल्या क्षणी काय वाजवायचं? आणि आज वाजवणारे मिळतील कुठे? जाणकारांनी हात राखून लिहू नये.

उपवनकर

कल्पना झकास. पण ढोल-ताशा काढलात तर गर्दी जमणार कशी? लोक ढोल ऐकूनच बाल्कनीतून खाली उतरतात.

गडबडगुंडा

वाचतोय. पोर्तुगीज व्हायला माणसं मिळाली का? आमच्या सोसायटीत सगळ्यांनाच मावळा व्हायचं असतं.

खाडीकाठचा

@गडबडगुंडा, पोर्तुगीज कमीच पडताहेत. तुमचं नाव घालू का?

सनईचौघडा

मी कळव्याला राहतो. आमचं घराणं रत्नागिरीकडचं, घडशी. सनई आणि चौघडा पिढ्यानपिढ्या घरात आहे. जे बघितलंय, घरात ऐकलंय आणि वाचलंय ते लिहितो.

सगळ्यात आधी नगारा. मराठी राज्यात तो नुसतं वाद्य नव्हता, मानाची वस्तू होता. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांच्या यादीत नगारखाना स्वतंत्र आहे, तोफखाना आणि दारूखान्याच्या बरोबरीने. सरदाराला जरीपटका मिळे तसा नगारा वा चौघडाही मिळे, आणि तो मिळाल्याशिवाय आपल्या मनाने कोणी वाजवत नसे. म्हणून शत्रूचा नगारा हाती लागला तर हत्ती-घोड्यांबरोबर त्याचीही नोंद होई. रायगडावर नगारखाना आहे. शनिवारवाड्यात तर दिल्ली दरवाजाच्या माथ्यावरच आहे. फौज चालू लागली की नगारा हत्तीवर किंवा उंटावर चढे.

दुसरी गोष्ट, कुचाचा नगारा. तळ उठवायचा इशारा नगाऱ्याने होई. हजारो माणसं, बैल, उंट, बाजारबुणगे, एवढ्या पसाऱ्यात तोंडी हुकूम कुठवर पोचणार? तुमच्या प्रयोगाची सुरुवात तिथून करता येईल. लढाईपासून नको, तळ उठण्यापासून करा.

चौघडा वेगळा. नगाऱ्यांच्या दोन जोड्या, वर सनई आणि एकच स्वर धरून बसणारा सूर. तो दरवाजावर प्रहराप्रहराला झडे. लढाईच्या धुमश्चक्रीत सनई वाजवणारा कोणी दाखवू नका. घोडा अंगावर येत असताना सनईत फुंक भरता येत नाही.

शिंग, तुतारी आणि कर्णा मात्र मैदानातले. कर्णा लांब आणि सरळ, शिंग वळलेलं. या वाद्यांत सूर थोडेच निघतात, पण लांबवर जातात, आणि इशाऱ्याला तेवढेच लागतात.

एक महत्त्वाचं: कातड्याचं वाद्य खाडीच्या हवेत उतरतं. नगाऱ्याला शेक द्यावा लागतो. संध्याकाळचा प्रयोग असेल तर शेगडी आणि कोळसा वाद्याजवळ हवाच. ते सुद्धा प्रेक्षकांना दिसू द्या. फौजेतही ते करावंच लागत असणार.

खाडीकाठचा

काका, दंडवत! असंच काहीतरी हवं होतं. शेगडीचं तर डोक्यातही आलं नव्हतं.

ताशेवाली

मी ठाण्यातल्याच एका पथकात ताशा वाजवते. मूळ धाग्याचा सूर मला जरा टोचला.

ढोल-ताशा म्हणजे कालपरवाचं खूळ आहे असं बोलायची सध्या रीत झाली आहे. ताशा काल आलेला नाही. पेशवाईच्या वर्णनांत ताशे-मर्फे येतात. नवीन काय असेल तर शंभर-दीडशे वादकांची शिस्तबद्ध पथकं आणि त्यांचे बसवलेले ताल. आमच्या ढोलाला प्लास्टिकचं पान असतं कारण गणपती भर पावसात येतात. कातडं भिजलं की संपलं. तरी ताशाची काडी, मनगट आणि तर्रीचा दाणेदारपणा हे जुन्यांकडूनच आलंय. आम्ही महिनोन्‌महिने पुलाखाली सराव करतो तो फोटोसाठी नाही.

पथक नको म्हणा, मान्य. शंभर ढोल १७३७ मध्ये नसणार. पण ताशा नको म्हणू नका. दोन ताशे, एक मर्फा, तेही कातड्याचे, एवढं धरायला काय हरकत आहे?

सनईचौघडा

ताशेवाली, मुली, अगदी बरोबर बोललीस. ताशा हवा. मात्र तो मिरवणुकीतला, म्हणजे ठाणं घेतल्यानंतरचा. आणि कातड्याचा ताशा प्लास्टिकवर तयार झालेल्या हाताला आधी जड वाटेल. काडी तेवढी उसळत नाही. महिनाभर आधी हातात घे.

मिलिंद_ऐरोली

नोकरीसाठी काही वर्षं अमेरिकेत व्हर्जिनियात होतो. तिकडे त्यांच्या यादवी युद्धाचे असे प्रयोग खूप होतात आणि वाजवणाऱ्यांचं त्यात फार नीट बसवलेलं असतं. म्हणून लिहितो.

तिथल्या पायदळात पोरसवदा ढोलकी आणि बासरीवाले असत. फाइफ म्हणजे आडवी, छोटी, कर्कश्श बासरी. सकाळी उठवणं, जेवण, पहारा, गोळा व्हा, पुढे चला, प्रत्येकाचा ठोका वेगळा आणि सैनिकाला तो पाठ. प्रयोगात हेच ठोके खरोखर हुकूम म्हणून वापरतात. सकाळी ढोल वाजला की तंबूतले हौशी सैनिक खरोखर रांगेत येतात. प्रेक्षक तासाभरात ठोके ओळखू लागतात. मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडली, कारण कोणी समजावून सांगत नाही तरी समजतं.

बँड वेगळे. त्यांच्या काही पितळी वाद्यांची तोंडं खांद्यावरून मागे वळलेली असतात, कारण बँड पुढे चाले आणि ऐकणारे सैनिक मागे असत. प्रयोगात ते मूळ काळातली जुनी वाद्यं दुरुस्त करून वाजवतात, किंवा त्याच मापाने नवी घडवतात. ढोलाला वासराचं कातडं, दोऱ्यांनी ताणलेलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या २६ व्या पलटणीच्या बँडची हाताने लिहिलेली वह्यापुस्तकं आजही जपलेली आहेत, त्यामुळे तो बँड काय वाजवत होता हे स्वर-तालासकट कळतं. हाच बँड १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईत तोफा चालू असताना पोल्का आणि वॉल्ट्झ वाजवत होता, आणि तिथे हजर असलेल्या फ्रीमँटल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते लिहून ठेवलंय.

पण बहुतेक वेळा लढाई पेटली की बँडवाले वाद्यं ठेवून जखमींना उचलायला जात. चांगल्या प्रयोगात तेही दाखवतात. वाजवणारा माणूस कोपऱ्यात उभा राहून तमाशा बघत नाही.

आपल्याकडे तशा वह्या नाहीत, आपलं हातातून हातात आलेलं आहे. मग ज्यांच्या हातात ते आहे त्यांना बोलावण्यावाचून गत्यंतर नाही. स्पीकरवरच्या ट्रॅकला माझा सक्त विरोध.

सुभेदार_खारघर

मिलिंदराव, जखमी उचलण्याचं आपल्या सैन्यातही तसंच. बँडचे जवान युद्धकाळात स्ट्रेचर उचलतात, त्यांना तसं शिक्षण असतं. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. आमच्या बिल्ल्यावरच बिगूल आहे. लाइट इन्फंट्री विखरून लढायची, तिथे ढोलापेक्षा बिगुलाचा आवाज कामाचा.

खाडीकाठचा यांना एक सूचना. पोरांना आधी इशारे शिकवा, लढाई मागाहून. शिंगाची एक फुंक म्हणजे थांबा, दोन म्हणजे पुढे, लांब फुंक म्हणजे मागे या. सराव तोंडी हुकमाशिवाय करून घ्या. मैदानात ओरडून ओरडून घसा बसतो आणि कोणी ऐकत नाही.

शंकेखोर

हे एक-दोन फुंकांचे इशारे १७३७ चे आहेत की आत्ता ठरवलेले? आत्ता ठरवलेले असतील तर प्रेक्षकांना तसं सांगा. नाहीतर उद्या कोणीतरी व्हॉट्सॲपवर "मराठ्यांची गुप्त शिंगभाषा" म्हणून फिरवेल.

सुभेदार_खारघर

मान्य. माहितीच्या फलकावर स्पष्ट लिहा की इशारे प्रयोगापुरते बांधले आहेत.

वसईची_लेक

मी ईस्ट इंडियन, म्हणजे इकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली, माहेर वसईचं, आता ठाण्यात. धागा वाचून बरं वाटलं, पण अजून कोणी पोर्तुगीज बाजूबद्दल काही बोललं नाही.

त्यांना मुके ठेवू नका. पोर्तुगीज जिथे जात तिथे ढोल, तुताऱ्या आणि शारामेला घेऊन जात. शारामेला म्हणजे लाकडी, दुहेरी पत्तीचं, तोंडाशी रुंदावत जाणारं वाद्य. सनईच्याच कुळातलं. म्हणजे कोटाच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे एकाच घराण्याची वाद्यं होती. हे ऐकवता आलं तर किती छान होईल!

शिवाय घंटा. कोटातल्या माणसांचा दिवस चर्चच्या घंटेवर चाले. वसई मोहिमेनंतर इथल्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले. नाशिकची नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची घंटा, लोकांनी पाहिल्या असतील. नाशिकच्या घंटेवर १७२१ साल आहे. तेव्हा प्रयोगात एक घंटा ठेवाच, ती दोन्ही बाजूंची आहे.

आणि मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हे. मे १७३९ मध्ये वसई पडली तेव्हा तहात ठरलं होतं की पोर्तुगीज शिबंदी हत्यारं हातात घेऊन, निशाणं फडकावत, ढोल वाजवत बाहेर पडेल. चिमाजी अप्पांनी ते मान्य केलं. हरलेल्यांनी ढोल वाजवत जाणं आणि जिंकलेल्यांनी ते वाजू देणं, याहून मोठा प्रसंग तुम्हाला कुठे मिळणार? शेवट यावर करा.

शंकेखोर

ताई, प्रसंग थोर आहे, पण तो वसईचा, १७३९ चा. प्रयोग ठाण्याचा आहे. ठाण्याच्या कोटातून पोर्तुगीज ढोल वाजवत निघाले असं दाखवलं तर ते चुकीचं होईल.

वसईची_लेक

ठाण्याच्या नावावर खपवा असं मी म्हटलेलं नाही. दुसरा भाग करा, "दोन वर्षांनंतर, वसई" असं सांगून. मोहीम एकच होती. ठाणं गेलं तिथून वसईचा घास सुरू झाला.

खाडीकाठचा

ताई, दुसऱ्या भागाची कल्पना मला फार आवडली. मधल्या काळात पोर्तुगीजांनी ठाणं परत घ्यायचा प्रयत्नही केला होता, १७३८ मध्ये. त्यात त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो तोफेच्या गोळ्याने मारला गेला. तो प्रसंग मध्ये घेता येईल.

गडबडगुंडा

पोर्तुगीजांना ढोल मिळणार असेल तर माझं नाव घाला.

घणसोलीचा_पैलवान

राम राम. मी मूळचा पन्हाळ्याकडचा, माथाडी कामगार, राहतो घणसोलीत. आमच्याकडं मर्दानी खेळ म्हटलं की हलगी, घुमकं आन् कैताळ. हलगी कडाडल्याशिवाय पट्टा फिरवणाऱ्याचं अंग तापत नाही ओ. फरी-गदका असू दे, लाठी असू दे, हात हलगीच्या मागनं चालतो. हलगी दुडकी झाली की खेळ दुडका.

तुमची पोरं तलवारबाजी शिकली कुठं? आखाड्यात शिकली असतील तर हलगीवरच शिकली असणार. आता तुम्ही मैदानात हलगी काढून घेतली तर त्यांचे हात बसतील. आमच्या चाळीतली चार पोरं वाजवतात, पाहिजे तर घिऊन येतो.

एक मात्र बोलतो. हलगी वाजवणाऱ्या समाजांना गावानं कसं वागवलं ते सगळ्यांना ठावं हाय. सरदाराला मोठा पोशाख आन् हलगीवाला कोपऱ्यात फाटक्या बनियनवर, असलं काय दाखवू नका.

ताशेवाली

दादा, शेवटचं बोललात त्यासाठी तुम्हाला सलाम.

सनईचौघडा

पैलवानांनी विषय काढलाच आहे तर मीही बोलतो.

एका मोठ्या ऐतिहासिक सोहळ्यात आम्हाला बोलावलं होतं. आयोजकांचं नाव घेत नाही. सकाळपासून भर उन्हात उभं केलं, सावली नाही. घोडेवाल्यांचं जेवण आलं, फोटोवाल्यांचं आलं, आम्हाला विचारलं नाही. निवेदकाने सगळ्यांची नावं घेतली आणि आमच्या वेळी म्हणाला "आणि हे वाजंत्री". आमच्या म्हाताऱ्या सूरवाल्याने आयुष्यभर एक स्वर धरून घराण्याची सनई उचलून धरली, त्याला नाव नाही?

तुम्ही वाजवणारे शोधताय याचा मला खरा आनंद आहे. पण त्यांचं मानधन आधी ठरवा, पूर्ण द्या, पत्रिकेत प्रत्येकाचं नाव छापा. पोशाखाचा खर्च त्यांच्यावर टाकू नका. सरावालाही पैसे द्या, कारण सरावाच्या दिवशी त्यांचं लग्नाचं काम बुडतं.

उपवनकर

काका, वाचून वाईट वाटलं. असं व्हायला नको.

ढोलाचा हट्ट मी सोडला. पण एक भीती अजून आहे. एक नगारा, दोन शिंगं, दोन ताशे, त्यात मोकळं मैदान आणि बाजूने जाणारी वाहनं. मागच्या रांगेला काही ऐकू येईल का?

मिलिंद_ऐरोली

येईल, जर बाकीचं सगळं गप्प असेल. निवेदकाचा माइक, गाणी, मधल्या जाहिराती बंद ठेवल्या की नगारा मैदानभर पोचतो. ज्या वाद्यांवर फौजा चालल्या ती मैदानापुरती नक्की पुरतील.

वकील_पांचपाखाडी

कायद्याचं बघून ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. त्या वेळात उघड्यावर लाउडस्पीकरच काय, वाद्यंही वाजवता येत नाहीत. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा किमान शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. तेव्हा मैदान नक्की करण्यापूर्वी टेप घेऊन मोजा. लाउडस्पीकर लावणार असाल तर लेखी परवानगी लागते, नसाल तर तेवढी एक कटकट कमी.

जुनं_ठाणं

थोडं विषयांतर, पण कोटाचा विषय आहे आणि गाण्याचाही, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हाच ठाण्याचा किल्ला १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. पुढे गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणात पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांना त्यांनी इथेच कैदेत ठेवलं. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा, म्हणजे कोणी फितूर व्हायला नको. पण गोऱ्यांना मराठी कळत नव्हतं. तिथल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मराठी मोतद्दार होता. तो भिंतीखाली घोड्याची खरारा-मालिश करता करता गाणी म्हणायचा, आणि त्या गाण्यांतून घोडे कुठे उभे आहेत, माणसं कुठे दबा धरून आहेत हे वर त्रिंबकजींना सांगायचा. पहारेकरी ऐकत उभे! १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटले. पुढे १८२५ मध्ये बिशप हेबर इकडे आला, त्याने ही हकीकत आणि त्या गाण्याचं इंग्रजी पद्यरूप आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं.

लढाईतलं संगीत म्हटलं की आपल्याला नगारेच आठवतात. ठाण्यात एका मोतद्दाराच्या गळ्याने कैदी सोडवला, हेही त्याच खात्यात धरा.

गडबडगुंडा

म्हणजे जेलजवळ गुणगुणताना जपून!

ताशेवाली

जुनं_ठाणं, हे माहीतच नव्हतं. रोज त्या भिंतीवरून जाते मी. यावर वेगळा प्रयोग व्हायला हवा, तोही फक्त गाण्याचा.

भंडारी_वाशी

अजून एक इकडचं वाद्य राहिलं, भोंगळ. लांब पितळी कर्ण्यासारखं. मुंबईत कंपनीच्या काळात शेरीफच्या पुढे निशाण धरून भोंगळ फुंकत जायचा मान आमच्या भंडारी समाजाकडे होता. ठाण्याचा प्रयोग आहे तर सगळं पुण्याहून आणि कोल्हापुरातून आणू नका, उत्तर कोकणचंही काही असू द्या. घुमट पण आहे की.

वसईची_लेक

घुमट आमच्या लग्नात उंबराचं पाणी आणताना वाजतो. मातीचं मडकं, तोंडाला कातडं. पूर्वी घोरपडीचं लावत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बेकायदा आहे, आता बकरीचं लावतात. कृपा करून "अस्सल हवं" म्हणून कोणी घोरपडीचा शोधायला निघू नका. आणि घुमट लढाईत नको, तो लोकांच्या घरचा आहे. खाडीकाठच्या वस्तीचा देखावा असेल तर तिथे शोभेल.

शंकेखोर

मूळ प्रश्नाकडे परत येतो. आत्तापर्यंत सगळ्यांनी आपापलं वाद्य आणलं, ते चांगलंच आहे. पण १७३७ चा ठाण्याचा हल्ला हा अचानक घातलेला होता. गंगाजी नाईक अंजूरकरांसारख्या इथल्या माणसांनी वाटा दाखवल्या, खाडी ओलांडली आणि कोट बेसावध गाठला. छापा घालणारा माणूस शिंग फुंकत जाईल का?

सनईचौघडा

शंका अगदी रास्त. छाप्यात वाद्य बांधून ठेवतात. सिंहगडाची गोष्ट पोरांनाही ठाऊक आहे, गड घेतल्यावर गवताच्या गंजी पेटवून राजगडाला कळवलं. इशारा म्हणजे दर वेळी वाद्यच असं नाही. खाडी ओलांडताना पूर्ण शांतता ठेवा. नगारा कापडात गुंडाळून दोघांच्या खांद्यावरून न्या. प्रेक्षकांना तो दिसला पाहिजे आणि वाजता कामा नये. मग पहिला आवाज पोर्तुगीजांकडून येऊ दे. त्यांची घंटा, त्यांचा ढोल, गडबडून उठलेल्या माणसांचा. कापड काढायचं ते कोटावर निशाण चढल्यावर.

पैठणी

अंगावर काटा आला वाचून. मी पास घेणार.

घणसोलीचा_पैलवान

आन् मग आमची हलगी कुठं? हातघाईच्या वेळी पायजे ती.

सुभेदार_खारघर

पैलवान, हातघाई आधी वेगळी दाखवा. प्रयोगाच्या अगोदर तासभर आखाडा, तळावर शिपाई सराव करताहेत म्हणून. तिथे हलगी मनसोक्त वाजू द्या. मुख्य हल्ल्यात तलवारीच्या खणखणाटाशिवाय काही नको.

घणसोलीचा_पैलवान

हां, असं चालंल. तळावर वाजीवतो.

खाडीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठकीत हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सनईचौघडा काकांची उन्हातली हकीकत वाचताना बैठक गप्प झाली. त्यानंतर वाद झाला नाही.

ठरलं ते असं. दुपारी चारपासून तळ. तिथे आखाडा, हलगी, घुमकं, कैताळ. एका बाजूला कोळीवस्तीचा देखावा, तिथे घुमट. सूर्य कलला की कुचाचा नगारा आणि फौज उठणार. खाडी ओलांडण्याचा भाग निःशब्द, नगारा कापडात. कोटात घंटा आणि पोर्तुगीज ढोल. निशाण चढलं की नगारा, शिंग, भोंगळ, आणि त्यानंतर दोन ताशे नि मर्फा. मग १७३८ चा छोटा प्रसंग. शेवटी "वसई, मे १७३९" असा फलक आणि पोर्तुगीज शिबंदी ढोल वाजवत मराठ्यांच्या दोन रांगांमधून बाहेर जाणार. त्या वेळी मराठ्यांच्या बाजूने एकही वाद्य वाजणार नाही. सनई-चौघडा त्यानंतर, दरवाजावर, लोक घरी निघताना.

वाजवणाऱ्यांसाठी कापडी मांडव, जेवण सगळ्यांबरोबर एकाच पंगतीत, सरावाचे पैसे वेगळे, पत्रिकेत सगळ्यांची नावं. हे लेखी केलंय.

अडलंय ते शारामेलावर. वाद्य मिळत नाही आणि वाजवणाराही.

सनईचौघडा

त्याजागी सनई पोर्तुगीजांच्या अंगावर चढवू नका. ढोल आणि घंटा पुरे. शारामेलाची माहिती फलकावर लिहा, चित्र लावा.

वसईची_लेक

काकांशी सहमत. घंटेचं मी बघते, आमच्या ओळखीत एक जुनी हातघंटा आहे.

ताशेवाली

कातड्याचा ताशा मिळाला! पथकातल्या एका आजोबांकडे तांब्याच्या भांड्याचा आहे, पान नवं चढवायचंय. काकांनी म्हटलं तसं, हाताला जड लागतोय. रोज अर्धा तास बसतेय.

उपवनकर

नगारा कळव्याहून कोपरीत कसा आणणार? माझा छोटा टेम्पो आहे, पैसे नकोत. आणि कोळशाची गोणी मी देतो.

सनईचौघडा

टेम्पो चालेल. नगारा उभा ठेवायचा, आडवा नाही. कोळसा लाकडाचा आणा, दगडी नको.

वकील_पांचपाखाडी

मग लाउडस्पीकरचा अर्ज करायचा की नाही?

खाडीकाठचा

नाही. स्पीकर नाही.